मॅट्रिक्स उभं वाचा, मग आडवं वाचा: होमॉलॉजी आणि कोहोमॉलॉजीचं द्वैत हाताने सोडवताना

नौपाड्यात रविवारी सकाळी एमएस्सीची काही मुलं माझ्याकडे बीजीय टोपॉलॉजी वाचायला येतात. होमॉलॉजीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. कोहोमॉलॉजी सुरू झाली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, तेच ग्रुप बाण उलटे करून पुन्हा कशाला काढायचे?"

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं: होमॉलॉजी आपल्याला बंद वाटा, बंद पृष्ठं अशा वस्तू देते, आणि कोहोमॉलॉजी त्या मोजायची मापं देते. दोन्ही एकाच मॅट्रिक्समधून निघतात. माप आणि वस्तू कुठे चपखल बसतात आणि कुठे घसरतात, हेही तेच मॅट्रिक्स सांगतं. मात्र हे पटण्यासाठी काही उदाहरणं शेवटपर्यंत सोडवावी लागतात. म्हणून पुढचं सगळं कागद-पेन्सिल घेऊनच वाचा. रेषीय बीजगणित आणि क्वोशंट ग्रुप एवढं येत असेल तर भागतं.

लिहिण्याची सोय म्हणून पूर्णांकांच्या ग्रुपला मी "पू" म्हणणार आहे. पू/२ म्हणजे दोन घटकांचा ग्रुप, पू² म्हणजे पू च्या दोन प्रती. बाउंड्रीसाठी ∂ आणि कोबाउंड्रीसाठी δ.

पहिलं उदाहरण: तलावपाळीची फेरी

ठाण्यात मासुंदा तलावाभोवती संध्याकाळी फेऱ्या मारणारे लोक सगळ्यांनी पाहिलेत. ती वाट कागदावर चौकोन म्हणून काढा. कोपरे १, २, ३, ४. कडा चार: अ ही १ कडून २ कडे, ब ही २ कडून ३ कडे, क ही ३ कडून ४ कडे आणि ड ही ४ कडून परत १ कडे. कडेची बाउंड्री म्हणजे शेवटचं टोक वजा सुरुवातीचं टोक. म्हणून ∂अ = २ − १, ∂ब = ३ − २, ∂क = ४ − ३, ∂ड = १ − ४. (इथे अंक ही कोपऱ्यांची नावं आहेत. २ − १ चं उत्तर १ असं लिहू नका.)

आता मॅट्रिक्स मांडा. ओळी कोपऱ्यांच्या, स्तंभ कडांचे. प्रत्येक स्तंभात एक +१, एक −१ आणि बाकी शून्य. चारही स्तंभांची बेरीज शून्य येते, आणि याखेरीज त्यांच्यात दुसरा संबंध नाही. म्हणून रँक ३. कडा ४, रँक ३, तेव्हा कर्नलची रँक १: अ + ब + क + ड ही पूर्ण फेरी आणि तिच्या पटी. होमॉलॉजी म्हणजे हा कर्नल, आत भरलेल्या तुकड्यांच्या बाउंड्रींनी भागलेला. इथे आत भरलेला त्रिकोण किंवा चौकोन नाही, त्यामुळे भागायला काही नाही. पहिली होमॉलॉजी पू. कोपरे ४ वजा रँक ३, म्हणून शून्यावी होमॉलॉजीही पू.

इथपर्यंत मॅट्रिक्स आपण स्तंभांनी, म्हणजे उभं वाचलं. आता तेच ओळींनी वाचा. कोपरा ४ ची ओळ काय म्हणते? क या कोपऱ्यात येते, तिथे +१. ड इथून निघते, तिथे −१. कोचेन म्हणजे प्रत्येक कडेला एक पूर्णांक नेमून देणारं फलन. क ला १ आणि बाकी कडांना ० देणाऱ्या फलनाला क* म्हणू. कोपरा ४ ला १ आणि बाकी कोपऱ्यांना ० देणारं फलन ४*. मग त्या ओळीचा अर्थ δ४* = क* − ड*. एवढीच कोबाउंड्री: मॅट्रिक्सचं ट्रान्सपोज. वेगळी व्याख्या पाठ करायची गरज नाही.

याचा अर्थ तलावपाळीवर उभं राहून बघा. ड या कडेवर एक माणूस वही घेऊन उभा आहे. कुणी आपल्या ठरलेल्या दिशेने समोरून गेलं की तो +१ लिहितो, उलट दिशेने गेलं की −१. हा माणूस म्हणजे ड*. मधेच मागे वळलेला, पुन्हा पुढे गेलेला माणूसही शेवटी जितक्या फेऱ्या पूर्ण करतो, तेवढाच आकडा वहीत राहतो. वहीवाल्याला ड वरून उचलून क वर उभं केलं तर? बंद वाटेवर आकडा तोच येतो, कारण क* आणि ड* यांच्यातला फरक δ४* आहे, आणि कोणत्याही फलनाची δ बंद वाटेवर शून्य देते. चढउतारांची बेरीज सुरुवातीच्या जागी परत आलं की शून्यच होते. पहिली कोहोमॉलॉजी म्हणजे मोजायच्या जागा, पण ज्यांचा आकडा सगळ्या बंद वाटांवर सारखा येतो त्या एकच धरायच्या. कडा ४, त्यातून रँक ३ गेली, उरलं पू. आणि ड* ने पूर्ण फेरीवर १ दिला, तेव्हा हाच त्याचा जनक.

मुलांना मी इथे थांबवतो आणि तपासायला सांगतो: सगळ्या कडांना १ देणारं फलन अ* + ब* + क* + ड* हा जनक आहे का? फेरीवर ते ४ देतं. म्हणजे तो जनकाच्या चौपट आहे. बहुतेकांचं पहिलं उत्तर "हो" असतं, कारण होमॉलॉजीत अ + ब + क + ड हाच जनक होता. वस्तू आणि माप यांची सरमिसळ होते ती नेमकी इथे.

दुसरं उदाहरण: क्लाइन बॉटल, जिथे जोडी घसरते

चौकोनाच्या कडा चिकटवून क्लाइन बॉटल करतात. एक कोपरा, दोन कडा म आणि न, एक पृष्ठ स. चौकोनाच्या कडेने फिरताना म, मग न, मग उलट म, मग पुन्हा न. म्हणून ∂स = म + न − म + न = २न. दोन्ही कडांची टोकं एकाच कोपऱ्यात, त्यामुळे ∂म = ∂न = ०.

उभं वाचन: स ची बाउंड्री शून्य नाही, म्हणून दुसरी होमॉलॉजी ०. पहिली म्हणजे म आणि न यांचा ग्रुप, त्यात २न = ०. उत्तर पू ⊕ पू/२. शून्यावी पू.

आडवं वाचन: δम* = ०, δन* = २स*. शून्यावी कोहोमॉलॉजी पू. पहिलीत फक्त म* टिकतो, म्हणून पू. दुसरीत स* चा ग्रुप, त्यात २स* = ०, म्हणून पू/२.

दोन याद्या शेजारी लिहा. होमॉलॉजी: पू, पू ⊕ पू/२, ०. कोहोमॉलॉजी: पू, पू, पू/२. मुक्त भाग जागच्या जागी राहिला आणि पू/२ एक पायरी वर सरकला. हे का झालं, ते नीट समजून घ्या. सगळ्या लेखाचा गाभा इथे आहे.

न ही बंद वाट आहे, ती भरता येत नाही, पण दोनदा फिरलं की भरता येते. तिला मोजायला एखादं पूर्णांकी माप लावलं तर दुहेरी फेरीवर ० यायला हवं, कारण दुहेरी फेरी ही बाउंड्री आहे. दुप्पट शून्य, तर मूळ आकडाही शून्य. म्हणजे कोणतंही पूर्णांकी माप न ला पाहू शकत नाही. पण मॅट्रिक्समधला तो २ कुठे नाहीसा होत नाही. ट्रान्सपोज केल्यावर तो न च्या पायरीवरून स च्या पायरीवर गेला. आता तो सांगतो की स* हे माप कुणाचीही δ नाही, पण २स* आहे.

सर्वसाधारण गोष्टही इतकीच. ओळी-स्तंभांच्या पूर्णांकी क्रियांनी कोणतंही पूर्णांकी मॅट्रिक्स स्मिथ नॉर्मल फॉर्ममध्ये आणता येतं. कर्णावर काही धन पूर्णांक, प्रत्येक जण पुढच्याला भागणारा, बाकी शून्य. ट्रान्सपोज केलं तरी कर्ण तोच. ∂ च्या न-व्या मॅट्रिक्सवरचा (इथे आणि पुढच्या सूत्रात न हा पायरीचा क्रमांक, कड नव्हे) एकापेक्षा मोठा आकडा होमॉलॉजीत (न−१)-व्या पायरीवर टॉर्शन, म्हणजे पू/२ सारखा सांत भाग, देतो, आणि कोहोमॉलॉजीत न-व्या पायरीवर. परीक्षेत घाई असेल तेव्हा एवढं आठवलं तरी पुरतं.

टॉर्शनचा इतिहास इथेच सांगतो, कारण तो याच अडचणीतून आला. प्वांकारेने १८९५ च्या निबंधात बेट्टी संख्यांमधलं, म्हणजे होमॉलॉजीच्या मुक्त भागांच्या रँकमधलं, द्वैत मांडलं. डॅनिश गणिती हेगार्डने १८९८ च्या प्रबंधात त्यातली अडचण दाखवली, आणि त्याला उत्तर देताना प्वांकारेने पुरवण्या लिहिल्या, ज्यांत टॉर्शन आलं. आकड्यांच्या जागी ग्रुप पाहायची दृष्टी पुढे १९२० च्या दशकात एमी नोथरमुळे रुजली.

सूत्र, आणि एक्स्ट हाताने

वरची घसरण एका सूत्रात बसते. सांत कॉम्प्लेक्ससाठी (कॉम्प्लेक्स म्हणजे कोपरे, कडा, पृष्ठं असे तुकडे जोडून केलेली रचना):

न-वी कोहोमॉलॉजी ≅ होम(न-वी होमॉलॉजी, पू) ⊕ एक्स्ट((न−१)-वी होमॉलॉजी, पू)

याला युनिव्हर्सल कोएफिशंट थिअरम म्हणतात. आयलेनबर्ग आणि मॅकलेन यांच्या १९४२ च्या कामातून ते आलं. होम(ग, पू) म्हणजे ग या ग्रुपवरून पू मध्ये जाणाऱ्या होमोमॉर्फिझमांचा ग्रुप. एक्स्ट हे नाव ऐकून दचकू नका. सांत जनकांच्या ग्रुपसाठी चारच गोष्टी लागतात (इथे म हा धन पूर्णांक): होम(पू, पू) = पू, होम(पू/म, पू) = ०, एक्स्ट(पू, पू) = ०. आणि एक्स्ट(पू/म, पू) = पू/म, जे दोन ओळींत निघतं: पू/म म्हणजे पू मधून पू मध्ये "म ने गुणा" या नकाशाचा क्वोशंट. त्यावर होम लावलं की पुन्हा "म ने गुणा" मिळतो, फक्त उलट्या दिशेने. त्याच्या इमेजने भागून जे उरतं ते एक्स्ट. पू/म.

क्लाइन बॉटलवर ताडून पाहा. दुसरी कोहोमॉलॉजी = होम(०, पू) ⊕ एक्स्ट(पू ⊕ पू/२, पू) = पू/२. जुळलं.

एक गोष्ट बऱ्याच टिपणांत निसटते. या सूत्रातली फोड अस्तित्वात असते, पण ती स्वाभाविक नसते. अवकाशांमधल्या नकाशांबरोबर ती आपोआप चालेल असं धरू नका. आणि कॉम्प्लेक्स अनंत असेल तर आणखी जपा: अनंत सुट्या बिंदूंची शून्यावी होमॉलॉजी म्हणजे पू ची डायरेक्ट सम, तर कोहोमॉलॉजी म्हणजे डायरेक्ट प्रॉडक्ट. कोहोमॉलॉजी ही होमॉलॉजीवरची मापं आहे, पण उलट वाक्य सगळीकडे खरं नाही.

परिमेय संख्या किंवा पू/२ असे फील्डमधले गुणक घेतले तर एक्स्टचा प्रश्नच उरत नाही. पू/२ वर क्लाइन बॉटलचं २न शून्य होतं, आणि दोन्ही बाजूंना मिती १, २, १ येतात.

प्वांकारे द्वैत: घन आणि अष्टफलक

आतापर्यंतचं द्वैत कोणत्याही कॉम्प्लेक्सला लागू होतं. मॅनिफोल्डवर, म्हणजे जवळून पाहिलं तर सपाट दिसणाऱ्या अवकाशावर, दुसरं द्वैत मिळतं, आणि ते मला जास्त सुंदर वाटतं. घन घ्या: ८ कोपरे, १२ कडा, ६ पृष्ठभाग. प्रत्येक पृष्ठभागाच्या मध्यावर बिंदू ठेवा आणि शेजारच्या पृष्ठभागांचे बिंदू जोडा. अष्टफलक मिळतो: ६ कोपरे, १२ कडा, ८ त्रिकोण. दोन्ही एकाच गोलावर फुगवले की घनाची प्रत्येक कड अष्टफलकाच्या नेमक्या एका कडेला छेदते, घनाचा प्रत्येक कोपरा एका त्रिकोणाच्या समोर येतो.

आता घनाचं δ पाहा, कोपऱ्यांवरून कडांवर जाणारं. मॅट्रिक्स १२ ओळी, ८ स्तंभ. अष्टफलकाचं ∂ पाहा, त्रिकोणांवरून कडांवर जाणारं. तेही १२ ओळी, ८ स्तंभ. कडांच्या दिशा नीट ठरवल्या तर ही दोन मॅट्रिक्स एकच आहेत. एका कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडा आणि त्याच्यासमोरच्या त्रिकोणाच्या तीन कडा, एवढीच तुलना करून पाहा. म्हणून घनाची क-वी कोहोमॉलॉजी म्हणजे अष्टफलकाची (२−क)-वी होमॉलॉजी. आणि दोघंही एकाच गोलाचे तुकडे, त्यामुळे हे विधान गोलाबद्दलचं झालं.

"दिशा नीट ठरवल्या तर" या शब्दांत सगळी अट लपलेली आहे. घनाच्या प्रत्येक कडेला डावीकडे काटकोनात वळवून अष्टफलकाच्या कडेची दिशा ठरते. त्यासाठी पृष्ठभागभर "डावीकडे" याचा अर्थ एकच राहायला हवा, म्हणजे ओरिएंटेशन हवं. क्लाइन बॉटलवर म च्या फेरीने आलं की डावं उजवं होतं, चिन्हं जुळत नाहीत, आणि दुसरी कोहोमॉलॉजी पू/२ तर शून्यावी होमॉलॉजी पू अशी फारकत राहते. पू/२ गुणकांत चिन्हंच नसतात, म्हणून तिथे १, २, १ हे द्वैत टिकतं.

बाउंड्री असलेला प्रदेश: वहीवाल्याची रेघ

शहराची जमीन म्हणजे बाहेरची एक सीमा आणि आत तलावांची भोकं. आपण मासुंदा, कचराळी आणि उपवन हे तीनच धरू, बेटं तूर्त सोडू. पहिली होमॉलॉजी पू³, प्रत्येक तलावाभोवतीची एक फेरी. मापं? प्रत्येक तलावाच्या काठापासून शहराच्या सीमेपर्यंत एक रेघ ओढा, दुसऱ्या तलावाला न लागता. बंद वाट त्या रेघेला किती वेळा, चिन्हासकट, छेदते ते मोजा. वहीवाला या रेघेवरच उभा होता. मासुंदा आणि कचराळी दोघांना वळसा घालून उपवनला बाहेर ठेवणारी वाट (१, १, ०) देते, रेघा कशाही वाकवल्या तरी.

या रेघा बंद नाहीत, त्यांची टोकं बाउंड्रीवर आहेत. म्हणून द्वैताचं रूप बदलतं: पहिली कोहोमॉलॉजी ≅ बाउंड्रीसापेक्ष पहिली होमॉलॉजी. हे लेफ्शेट्झ द्वैत.

आता मासुंद्याच्या मधलं, देवळाचं बेट परत आणा आणि फक्त पाणी पाहा. बेटाभोवतीचं पाणी म्हणजे कडं, त्याची पहिली कोहोमॉलॉजी पू. नकाशा गोलावर गुंडाळला तर पाण्याखेरीज उरतात दोन तुकडे, बेट आणि बाकी सगळं. दोन तुकड्यांची रिड्यूस्ड (म्हणजे एक पू कमी केलेली) शून्यावी होमॉलॉजी पू. हे जुळणं म्हणजे अलेक्झांडर द्वैत. पाण्याच्या कोहोमॉलॉजीवरून जमिनीचे तुकडे मोजता येतात.

टोरस: कोहोमॉलॉजी खरंच काय जास्त देते

सांत कॉम्प्लेक्सची होमॉलॉजी कळली की सूत्राने कोहोमॉलॉजीचे ग्रुप मिळतात, मग मुलांचा पहिला प्रश्न शिल्लकच राहतो. उत्तर आहे गुणाकार. १९३५ मध्ये मॉस्कोच्या परिषदेत अलेक्झांडर आणि कोल्मोगोरोव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे कोहोमॉलॉजी आणि तिच्यावरचा गुणाकार मांडला. एडुआर्ड चेक आणि हॅस्लर व्हिटनी यांनी तो सुधारून आज वापरतो त्या रूपात आणला.

चौकोन घ्या, समोरासमोरच्या कडा चिकटवा. आडवी कड प, उभी कड फ, खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाणारा कर्ण भ. खालचा त्रिकोण ख: आधी प, मग फ. वरचा त्रिकोण व: आधी फ, मग प. दोघांची बाउंड्री प + फ − भ. म्हणून ख − व ही बंद, आणि तोच दुसऱ्या होमॉलॉजीचा जनक. पहिली होमॉलॉजी पू², जनक प आणि फ.

δ शून्य होण्याची अट: प आणि फ वरच्या किमतींची बेरीज भ वरच्या किमतीएवढी. दोन मापं घ्या. α: प वर १, फ वर ०, भ वर १. β: प वर ०, फ वर १, भ वर १. कप गुणाकाराचा नियम: त्रिकोणाच्या पहिल्या कडेवर पहिलं माप, दुसऱ्या कडेवर दुसरं, आणि गुणा.

α∪β हे ख वर: α(प) गुणिले β(फ) = १. व वर: α(फ) गुणिले β(प) = ०. ख − व वर उत्तर १. β∪α हे ख वर ०, व वर १, एकूण −१. α∪α दोन्हीकडे ०. क्रम बदलला की चिन्ह बदलतं, आणि ही +१ म्हणजे टोरसवर प आणि फ एकमेकींना एकदाच छेदतात ते छेदन.

आता एका गोलाला एकाच बिंदूत दोन वर्तुळं चिकटवा. त्याची होमॉलॉजी पू, पू², पू, म्हणजे टोरसचीच. पण त्याची पहिल्या पायरीवरची मापं दोन वर्तुळांवरून ओढून आणलेली असतात. वर्तुळांवर दुसरी कोहोमॉलॉजी शून्य, म्हणून त्यांचे गुणाकारही शून्य. ग्रुपांनी न ओळखलेला फरक गुणाकाराने ओळखला. "कशाला काढायचे" याचं माझं उत्तर हे आहे.

करून पाहायला

पहिलं, टोरसवर असा नकाशा घ्या जो प ला प वर आणि फ ला प + फ वर नेतो. α आणि β कुठे जातात? मापं उलट्या दिशेने ओढली जातात, म्हणून मॅट्रिक्स ट्रान्सपोज होतं: α जातो α + β वर, β जागेवर राहतो. होमॉलॉजीत बदल फ ला झाला, इथे α ला. बहुतेकांचा पहिला कागद इथे उलटा येतो, तेव्हा α(प + फ) प्रत्यक्ष काढून ताडा.

दुसरं, प्रोजेक्टिव्ह प्लेन: एक कोपरा, एक कड, एक पृष्ठ, बाउंड्री कडेच्या दुप्पट. पूर्णांकी होमॉलॉजी पू, पू/२, ० आणि कोहोमॉलॉजी पू, ०, पू/२ आली पाहिजे. मग पू/४ गुणक घेऊन दोन्ही याद्या काढा. दोन्हीकडे पू/४, पू/२, पू/२ येईल, पण पहिल्या आणि दुसऱ्या पायरीवरचे पू/२ कर्नलमधून आले की क्वोशंटमधून, हे प्रत्येक ठिकाणी लिहून ठेवा.

तिसरं, दोन भोकांचा टोरस. आठ कडांचा बहुभुज घेऊन मध्यबिंदूपासून त्रिकोण पाडा आणि चार मापांचे गुणाकार ४ × ४ तक्त्यात भरा. तक्ता विषमसममित, म्हणजे ट्रान्सपोज केल्यावर चिन्ह बदलणारा यायला हवा, आणि त्याचा निश्चयक १. मोठ्या कॉम्प्लेक्सचा स्मिथ नॉर्मल फॉर्म काढायला सेज हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण हा तक्ता हातानेच भरा. निश्चयक ० आला तर बहुधा एखाद्या त्रिकोणात कडांचा क्रम उलटा धरला गेलाय. आधी मध्यबिंदूकडून निघणाऱ्या कडांच्या दिशा तपासा.